एल्ब्रुसची बर्फातली रात्र: शिखर झालं नाही, तरी चार स्टार

आधीच सांगून टाकतो, मी वर पोहोचलो नाही. उगाच शेवटपर्यंत वाचून झेंडा धरलेला फोटो शोधायला नको. सहा जण गेलो, पाच जण शिखराला जाऊन आले, राहिला तो एक मी, खिंडीतनं परत पाठवलेला. तरी चार स्टार देतोय. कापलेला एक स्टार कुणाच्या नावावर टाकायचा ते पुढे येईलच, त्यातला निम्मा माझ्याच नावावर आहे म्हणा.

लिहायला बसलो कारण परत आल्यापासून बेळगावात गणपत गल्लीत माझ्या दुकानावर रोज कोण ना कोण उभं राहून तेच विचारतंय, "काय ओ, ज्वालामुखीवर गेल्तासा म्हणे, धूर बिर निघत होता काय?" धूर नाही बाबांनो. एल्ब्रुस झोपलेला ज्वालामुखी आहे, शेवटचा भडका उडून साधारण दोन हजार वर्षं झाली, आता वरनं खालपर्यंत बर्फच. रशियाच्या दक्षिणेला कॉकेशस पर्वतात, जॉर्जियाची हद्द तिथनं फार लांब नाही. दोन शिखरं आहेत, पश्चिमेचं ५,६४२ मीटर, पूर्वेचं ५,६२१, मधे खिंड. कॉकेशस युरोपात धरला तर युरोपातलं सगळ्यात उंच शिखर हेच, म्हणून जगभरचे लोक येतात, नाहीतर एवढ्या लांब कोण जातंय. आपलं बेळगाव साडेसातशे मीटरवर, म्हणजे बेळगाव सात वेळा एकावर एक रचलं तरी वर थोडं उरतंय. आणि ज्वालामुखीचंच कौतुक असेल तर आपण पण लाव्ह्याजवळच राहतोय की, दख्खनचा काळा कातळ म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हाच, त्याची दक्षिणेकडची कड आपल्या बेळगावच्या आसपास येऊन संपते. आपल्या लाव्ह्यावर गवत आणि भात, त्यांच्यावर बर्फ, एवढाच फरक.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण जी तक्रार आहे तिचे थोडे पैसे त्यांनी परत दिलेत, घेतल्यावर वर बोंब मारणं बरं नव्हे. तिकडचीच लोकल कंपनी, पुण्याच्या एका ट्रेकवाल्याकडून नंबर मिळाला, सगळा व्यवहार मेसेजवर. विमान धरून माणशी दोन लाखाच्या अलीकडे पलीकडे बसलं. आता मी दुकानदार माणूस, समोरच्याने सांगितलेला पहिला आकडा हा आमच्यात आकडाच धरत नाहीत. कोटेशनमधे एक ओळ होती, चढाईच्या रात्री दुसरा गाईड, त्याचे वेगळे पैसे. म्हटलं हे काय, एक जण पुढे चालेल, आम्ही सहा जण मागनं चालू, मेंढरं राखायला किती माणसं लागतात, कापा ती ओळ. मामेभाऊ पण म्हणाला कापा. रात्री जेवताना बायकोला सांगितलं तर ती भाकरी थापता थापता म्हणते, "अहो, दुकानातला एक पोरगा सुट्टीवर गेला तर तुम्ही दुपारचं शटर ओढताय. तिथं एकाला खाली आणायची पाळी आली तर बाकीचे काय डोंगरावर बसून राहणार?" मी म्हटलं कोण येतंय खाली. पण हिशोब तिचाच बरोबर होता आणि ते मला कळत होतं, म्हणून तणतणत का होईना ती ओळ राहू दिली. खाली कोण आलं ते तुम्हाला पहिल्याच ओळीत सांगितलंय.

तर ज्यांना जायचंय त्यांनी कंपनीला बाकी काही विचारू नका, जेवण काय, खोली कशी, ते सगळं जाऊ दे. चढाईच्या रात्री किती माणसांमागे किती गाईड आणि एकाला परत आणायची वेळ आली तर कोण आणणार एवढं विचारा आणि लेखी घ्या. कारण हा डोंगर तसा अवघड नाही हीच त्याची अडचण आहे. दोरावर लोंबकळायचं नाही, कडे नाहीत, चालायचंच आहे, त्यामुळे लोक हलक्यात घेतात, आम्ही पण घेतला. २०२१ च्या सप्टेंबरमधे वरच्या अंगाला वादळात सापडून एकाच ग्रुपमधले पाच जण गेले, आणि त्या ग्रुपबरोबर गाईड होते. ढग उतरला की खाली पांढरं, वर पांढरं, पुढच्याची पाठ पण दिसत नाही, वाट कुठं आणि बर्फातल्या खोल भेगा कुठं काय कळणार. हे मी पैसे भरून झाल्यावर वाचलं, आधी वाचलं असतं तर घासाघीस जरा कमी केली असती.

तयारी म्हणाल तर तीन महिने. दर रविवारी पाठीवर बारा किलो तांदूळ घेऊन येळ्ळूरगड, कधी देवरवाडीच्या बाजूने वैजनाथचा डोंगर. येळ्ळूरची पोरं हसायची, शेठ तांदूळ वर नेऊन विकालाय काय म्हणून. दम वाढला त्याने, पण बर्फ काय येळ्ळूरवर मिळत नाही. मागे एकदा उत्तराखंडातला केदारकांठा ट्रेक केला होता तेवढाच बर्फाचा अनुभव, आणि खरं सांगायचं तर तो आणि हा यात पोहायच्या तलावाएवढा आणि समुद्राएवढा फरक आहे.

प्रवासावर जास्त लिहीत नाही. सांबऱ्याच्या म्हणजे बेळगावच्याच विमानतळावरून दिल्ली, दिल्लीहून मॉस्को, तिथनं मिनराल्नीये वोदी, पुढे गाडीने तीन-चार तास बक्सान नदीच्या खोऱ्यातनं वर. व्हिसा घरबसल्या निघतो, २०२३ पासून ई-व्हिसा चालू झालाय. पण पैसे रोख न्या, डॉलर न्या, २०२२ पासून आपली व्हिसा-मास्टरकार्डची कार्डं तिथं नुसती प्लॅस्टिकची पट्टी. आमच्यातला हुबळीचा पोरगा तीन कार्डं घेऊन आलेला आणि खिशात रोख काही नाही, त्याची सगळी ट्रिपभरची उधारी माझ्या वहीत, हुबळीला जाऊन वसूल केली.

आता तक्रार. प्रोग्रॅममधे लिहिलेलं, गाईड तुमच्याबरोबर येऊन भाड्याचं सामान तपासून घेईल. आला कोण तर ड्रायव्हर. आझाऊ म्हणून गाव आहे, २,३५० मीटरवर, रोपवे तिथनंच निघतो, तिथं भाड्याच्या सामानाची दुकानं आहेत, त्याने आम्हाला एका दुकानासमोर उतरवलं आणि सिगारेट ओढायला गेला. दुकानात ही गर्दी, आपल्याकडे गणपतीच्या आदल्या दिवशी असते तशी. बर्फातले बूट डबल असतात, बाहेर प्लॅस्टिकचं कडक कवच आणि आत मऊ बूट. मी ४४ मागितला, बाईने ४३ दिला, बोटांनी खुणावून सांगितलं हा मोठाच बसतो. मी घालून बघितला, बसला. पण बघितला तो एका पातळ मोज्यावर! रात्री वर दोन मोजे घालायचे हे माहीत असून. मागे लाईन लागलेली, मामेभाऊ म्हणतोय आटप गा लवकर, भूक लागलीय, आणि मी जो माणूस घरी बारा रुपयांच्या वस्तूला दहा मिनिटं घासतो तो पाच मिनिटांत बूट घेऊन बाहेर. गाईड असता तर त्याने दोन मोजे घालायला लावून, उतारावर उभं करून बघितलं असतं, पुढे त्याने क्रॅम्पॉनच्या, म्हणजे बर्फावर चालायला बुटाखाली बांधायच्या लोखंडी दातांच्या बाबतीत तसंच केलं. म्हणून अर्धा स्टार कंपनीचा, अर्धा माझा. हार्नेस म्हणजे दोर अडकवायचा कमरेचा पट्टा, आइस ॲक्स म्हणजे बर्फातली कुऱ्हाड, जाड हातमोजे सगळं ठीक होतं, डाऊन जॅकेटला कुणाचातरी घामाचा वास होता पण त्या थंडीत कोण वास बघतंय.

थोरला गाईड दुसऱ्या दिवशी भेटला. पन्नाशीचा, तोंडावर उन्हाचे चट्टे, इंग्रजी कामापुरतं. धाकटा विशीतला, त्याला इंग्रजी अजिबात नाही, 'गुड' आणि 'नो' एवढंच. ही बल्कार लोकं, त्यांची बोली तुर्की वळणाची, डोंगराला ते एल्ब्रुस म्हणत नाहीत, मिंगी ताऊ म्हणतात. १९४४ मधे स्टॅलिनने ह्या सगळ्या जमातीला उचलून मध्य आशियात नेऊन टाकलेलं, १९५७ नंतर परत यायला मिळालं. घरात बल्कार, दुकानाच्या पाटीवर आणि शाळेत रशियन, पाहुण्याशी मोडकं इंग्रजी. कोल्हापूरच्या डॉक्टर ताई आणि त्यांचे मिस्टर आमच्या ग्रुपमधे होते, त्यांना ह्याचं फार नवल वाटलं. मला आणि मामेभावाला काय नवल, घरात एक, पाटीवर दुसरी, हिशोबाला तिसरी, आपला जन्म त्यातच गेला. थोरल्याला मी खुणेने आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत आपल्या बेळगावचं सांगितलं, मी मराठी, हा हुबळीचा कानडी, राज्य कर्नाटक, तो बराच वेळ हसत होता, मग खांद्यावर हात टाकला. त्यानंतर आमच्या चहात साखर जास्त यायला लागली असं आपलं मला वाटतं.

पहिले दोन दिवस सवयीचे. चेगेतच्या डोंगरावर खुर्चीच्या रोपवेने आणि पायी साधारण तीन हजारापर्यंत, समोर सगळा एल्ब्रुस दिसतो, दोन गोल टेकाडं, बघून वाटतं हे काय, दुपारपर्यंत होईल. खाली नारझानचे झरे आहेत, जमिनीतनं बुडबुडे येणारं पाणी, लोखंडाची चव, आजूबाजूचे दगड तांबडेलाल, ज्वालामुखीची म्हणून जी काय खूण बघायला मिळाली ती एवढीच. आणि खिचिन खा! मी शाकाहारी, मला बाकीच्या ठिकाणी उकडलेलं बकव्हीट आणि काकडी, एकदा तर सूपमधलं चिकन बाजूला काढून व्हेज म्हणून आणून दिलं, पण खिचिन म्हणजे बटाटा आणि चीज भरून पातळ लाटलेली, दोन्ही बाजूंनी भाजलेली, वर लोणी सोडलेली पोळी. बटाट्याची पुरणपोळी म्हणा. त्याच्याबरोबर आयरान म्हणजे आपलं ताकच.

मग रोपवेने वर. तीन टप्पे आहेत, शेवटचा गाराबाशी ३,८४७ मीटरवर सोडतो, हा टप्पा २०१५ च्या शेवटी चालू झाला, त्याआधी लोक एकेकट्या खुर्चीत बसून जायचे. मुक्काम त्याच अंगाला, कंटेनरसारख्या पत्र्याच्या खोल्या, आत आठ जणांचे बंक, हीटर चालू असला की घाम आणि जनरेटर बंद झाला की दातावर दात. झोप कुणालाच लागत नाही, डोळा लागला की श्वास अडकल्यासारखा होऊन जाग येते, डॉक्टर ताई म्हणाल्या उंचीवर असं होतं, घाबरू नका. संडासाबद्दल काय लिहू. कडेला एक पत्र्याची खोली, खाली भोक, भोकातनं वारा वर, बाकी समजून घ्या. त्याला स्टार द्यायचेच झाले तर उणे दोन.

तिथनं एक दिवस ४,१०० च्या आसपास, जिथं प्रियुत ११ नावाची गिर्यारोहकांच्या मुक्कामाची प्रसिद्ध हट होती, १९९८ मधे जळाली ती. दुसऱ्या दिवशी पास्तुखोवचे खडक, साडेचार हजाराच्या वर, बर्फातनं डोकं काढलेली काळ्या दगडांची ओळ. मधल्या एका दुपारी उतारावर शाळा. थोरला सगळ्यांना बर्फावर ढकलून देतो, अक्षरशः, पोटावर, पाठीवर, डोकं खाली करून, आणि घसरता घसरता आइस ॲक्स छातीखाली घेऊन टोक बर्फात रुतवून थांबायचं. माझं वय सेहेचाळीस, शेवटचा असा घसरलो तो शाळेत होतो तेव्हा. सगळ्यात जास्त त्याने चालण्यावर घेतलं. मागचा पाय सरळ करून हाडावर वजन टाकायचं, क्षणभर थांबायचं, मग पुढचा. क्रॅम्पॉनचे सगळे दात एकदम टेकवायचे, टाच उचलून चाललात की तो येऊन काठीने टाचेवर टक करून मारायचा. दोन तास हेच. बोअर झालं, पण नंतर अंधारात पाय आपोआप तसाच पडत होता, हे पैसे वसूल.

चढाई मंगळवारी रात्री ठरलेली. संध्याकाळी थोरल्याने फोनवर वाऱ्याचा अंदाज बघितला, बाहेर जाऊन शिखरावरची ढगाची टोपी बघितली आणि सांगितलं, आज नाही. हवा एकदम स्वच्छ, चांदणं पडलेलं, शेजारच्या खोलीतले एक ग्रुप निघाले पण. आमच्यात कुरकुर, एक्स्ट्रा मुक्कामाचे पैसे वेगळे लागतात हे बारीक अक्षरात होतं, ते मी मोठ्या अक्षरात बोलून दाखवलं. पहाटे चारला शेजारचे सगळे परत, खडकांच्या वर वाऱ्याने उभं राहू देईना म्हणाले. मी गप अंगावर पांघरूण ओढून घेतलं.

बुधवारी रात्री साडेबाराला उठवलं. कपड्यांचे थर चढवायलाच पाऊण तास, आत थर्मल, वर फ्लीस, वर जॅकेट, पायात दोन मोजे, आणि पाय बुटात घालताना पहिल्यांदा कळलं की बोटं पुढे टेकतायत. म्हटलं चालता चालता सैल होईल. हे वाक्य लक्षात ठेवा, असं काही होत नसतं.

दोनला रात्राक आलं. रात्राक म्हणजे बर्फावर चालणारा पट्ट्याचा ट्रॅक्टर, मागे उघडी बाकं, डिझेलचा वास, खडकांच्याही वर नेऊन सोडतो. त्याचे पैसे पॅकेजच्या बाहेर, रोख, ग्रुपमधे वाटून. खरे गिर्यारोहक त्याला नावं ठेवतात, चिटिंग म्हणतात, मी पण घरी बसून म्हणत होतो. त्यात बसल्यावर मागे वळून बघितलं तर खाली अंधारात पायी येणाऱ्यांचे हेडलॅम्प, सौंदत्तीच्या डोंगराला यल्लम्माच्या पौर्णिमेला दिवे चढतात तशी लांब ओळ, आणि मी मनातल्या मनात रात्राकवाल्याला आशीर्वाद दिला. माझ्यासारख्याने घ्यावं. ज्याला ताकद आहे त्याने चालावं, त्यावर भांडण कशाला.

उतरल्यावर जी थंडी लागली ती शब्दात नाही सांगता येत, थोरल्याने उणे पंधरा सांगितलं आणि वर वारा. थोरला पुढे, मग आम्ही सहा, शेवटी धाकटा. बोलणं बंद. फक्त कर्र-कच, कर्र-कच, सोळा क्रॅम्पॉनचा आवाज आणि स्वतःचा श्वास. हेडलॅम्पच्या गोल उजेडात पुढच्याची टाच, तेवढीच दुनिया. पाण्याच्या पिशवीची नळी पहिल्या वीस मिनिटांत गोठली, हुबळीच्या पोराची चॉकलेटं दगड, घरनं आणलेला कुंदा तर हातोडीने फोडावा लागला असता, चाललं ते एकच, आलेपाक. एक वडी गालात ठेवायची, अर्धा तास पुरते, घसा गरम. पुढच्या वेळी दुप्पट नेणार.

दर थांब्याला थोरला ओळीने प्रत्येकाच्या तोंडावर उजेड टाकून एकच प्रश्न विचारायचा, बोटं हलतात? हाताची, पायाची? पहिल्या थांब्याला खरंच हलत होती. दुसऱ्याला डाव्या पायाची जड वाटली, म्हटलं हलतात. तिसऱ्याला डाव्या पायाला बोटं आहेत की नाहीत हेच कळत नव्हतं, तरी म्हटलं हलतात. का म्हटलं? काय सांगू, दोन लाख, तीन महिने तांदूळ वाहिलेला, गल्लीत सगळ्यांना सांगून आलेला.

उजाडलं तेव्हा आम्ही आडव्या वाटेवर होतो, पूर्वेच्या शिखराच्या कुशीतनं डावीकडे सरकत खिंडीकडे जाणारी लांबच लांब चढण. डाव्या हाताला खाली सगळा कॉकेशस, उश्बा नावाच्या डोंगराची दोन सुळकी टोकं, आणि पश्चिमेकडे खोऱ्यावर आमच्याच डोंगराची सावली, एकदम सरळ रेघांचा त्रिकोण, पट्टी घेऊन काढल्यासारखा. डोंगर गोल आणि सावली टोकदार, हे कसं ते मला अजून उमगलेलं नाही. त्या अर्ध्या तासासाठी मी परत जाईन. हवा मात्र समुद्रसपाटीच्या निम्म्यावर आलेली, दहा पावलं आणि थांब.

खिंडीत सगळे बसले, साधारण ५,३००-५,४०० मीटर. समोर शेवटचा चढ, त्यावर दोर लावलेले दिसत होते, वर दोन-अडीच तासांचं काम. थोरला आला, बोटं हलतात? हो म्हटलं. तो गेला नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिला, मग म्हणाला, बूट काढ. म्हटलं ठीक आहे, कशाला. बूट काढ. धाकट्याने गेटर म्हणजे बुटावरचं कापडी वेष्टण उघडलं, बाहेरचं कवच ओढलं, आतला बूट, दोन मोजे. अंगठा आणि शेजारची दोन बोटं मेणबत्तीसारखी पांढरी. थोरल्याने अंगठ्याचं नख दाबलं आणि सोडलं, आपण नख दाबून सोडलं की लाली परत येते ना, ती येईना. त्याने परत दाबलं. सगळे बघत होते.

मग धाकट्याने जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. त्याने स्वतःच्या जॅकेटची चेन खोलली, आतले कपडे वर केले आणि माझा उघडा पाय धरून सरळ स्वतःच्या पोटाला लावला आणि वरून जॅकेट ओढून घेतलं. बर्फासारखा पाय, पोरगा एकदम शहारला, पण हलला नाही. आता आपल्याकडे कुणाला चुकून पाय लागला तर आपण हात लावून नमस्कार करतो, बसमधे अनोळखी माणसाला लागला तरी करतो, आणि इथं लेकाच्या वयाच्या पोराच्या पोटावर पाय ठेवून मी बसलोय. माझा हात आपोआप पुढे गेला, त्याच्या खांद्याला लावून छातीला लावला. त्याला काय कळलं कुणास ठाऊक, तो म्हणाला, गुड, गुड. दहा-बारा मिनिटांनी बोटांत सुया टोचायला लागल्या आणि मी ओरडलो, तेव्हा दोघं गाईड पहिल्यांदा हसले, कारण दुखतंय म्हणजे जिवंत आहे.

मला वाटलं झालं, निघूया. थोरला म्हणाला, तू खाली. आणि मी काय केलं असेल, घासाघीस. म्हटलं अर्धा तास चालून बघू. नो. मग वीस मिनिटं, तिथनं दुखलं तर परत. नो. म्हटलं दोरापर्यंत तरी. त्याने माझा आइस ॲक्स उचलून माझ्या हातात दिला, तोंड खालच्या बाजूला केलं आणि म्हणाला, बाजार नाही हा. एवढं इंग्रजी त्याला बरोब्बर येत होतं. एकदा गोठलेली बोटं परत गोठली तर कापायची पाळी येते, हे डॉक्टर ताईंनी शांतपणे मराठीत सांगितलं, तेव्हा मी गप झालो. मामेभाऊ म्हणाला मी पण येतो दादा तुझ्याबरोबर, त्याला म्हटलं गप जा वर, दोघांनी येळ्ळूर चढलाय, एकाने तरी वसूल कर.

तर ते पाच थोरल्याबरोबर वर गेले आणि मी धाकट्याबरोबर खाली. ती एक ओळ कापली असती तर एकतर सहाच्या सहा जण खाली आले असते, माझ्या एका नंबराने लहान बुटापायी, नाहीतर मी खोटं बोलत वर गेलो असतो. मला भीती वाटते ती दुसऱ्याची.

उतरताना धाकट्याने मला स्वतःच्या हार्नेसला दोराने बांधलेलं, तो मागे, मी पुढे. उजेडात तीच आडवी वाट बघितली आणि पोटात गोळा आला, रात्री ह्याच्या कडेने आपण चाललो? एकदा क्रॅम्पॉनचा दात पँटमधे अडकून मी पडलो, सरकायच्या आत दोर ताठ. तो काही बोलला नाही, फक्त दवाय, दवाय, म्हणजे चला. माझ्याशी बोलता येत नव्हतं म्हणून बहुतेक वाटभर गुणगुणत होता. रात्राकजवळ पोहोचल्यावर त्याने खिशातनं अर्धी खिचिन काढली, कागदात चपटी झालेली, तिचे दोन तुकडे केले. मी त्याला शेवटची आलेपाकाची वडी दिली. त्याने चावली, डोळे मोठे केले आणि बर्फ तोंडात घातला. तिखट आलं जरा.

बाकीचे दुपारी दोनच्या सुमाराला आले. मामेभाऊ येऊन बंकवर बुटासकट आडवा झाला आणि म्हणाला वर काय नाही रे दादा, एक दगड आहे आणि फोटोची लाईन. खोटं बोलत होता, मला बरं वाटावं म्हणून. फोटो मी बघितलेत.

डॉक्टर ताईंनी हॉटेलात कोमट पाण्यात पाय बुडवायला लावला, कोपराने पाणी तपासून, बाळाच्या आंघोळीला बघतात तसं, आणि चोळायचा नाही म्हणून दम दिला. बोटं वाचली सगळी. दोन नखं काळी पडून गणपतीत गळाली. कंपनीला मी फोटोसकट लिहिलं, गाईड सामानाला का आला नाही, त्यांनी वाद न घालता बुटाचं भाडं पूर्ण आणि गाडीचे थोडे परत केले, आणि आता सामानाच्या दिवशी गाईड जातो असं लिहून कळवलं. जातो की नाही ते पुढच्यांनी सांगा. गाईडला पाच पैकी पाच, दोघांनाही. टीप तिथं देतात, आम्ही सगळ्यांनी मिळून दिली, धाकट्याची मी वेगळी दिली, किती ते लिहीत नाही, घरी पण सांगितलेलं नाही.

पुढच्या जुलैचं कोटेशन परवा आलं. बायकोने चष्मा लावून पहिल्यांदा दुसऱ्या गाईडची ओळ बघितली. बूट ४५, दोन मोज्यांवर मोजून, असं मी इथनंच कळवलंय. रात्राकच्या पैशावर मात्र अजून बोलणं चालू आहे, त्यांनी सांगितलेला आकडा जरा जास्तच आहे.